अडाणकाठच्या एका घराचा तेलाचा हिशेब

मामांच्या सपरीत खुंटीला एक कॅलेंडर टांगलेलं असतं. दुधाचा रतीब, सालदाराची उचल, गाय कधी लागली, सगळं त्याच्या चौकोनांत लिहिलेलं. २०२२च्या जूनपासून त्यात एक नवं अक्षर दिसायला लागलं: ‘डि’. ‘डि २०’ म्हणजे दारव्ह्याहून वीस लिटरचा कॅन भरून आणला. ही सवय मी लावली. सौरपंपाचा अर्ज तेव्हा नुकताच भरला होता, आणि पंप बसल्यावर नक्की किती डिझेल वाचतं ते मला मोजून पाहायचं होतं. मी यवतमाळला तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकी शिकवतो. पोरांना फळ्यावर गणितं घालणं सोपं, पण घरचं गणित एकदा तरी करावं, इतकाच हेतू होता.

तीन वर्षांचे ‘डि’ मोजून झाले. पंपापुरतं बोलायचं तर डिझेल जवळजवळ संपलं. घरापुरतं बोलायचं तर गोष्ट वेगळी आहे.

वावर, विहीर आणि इंजिन

गाव दारव्हा तालुक्यातलं, अडाण नदीच्या अलीकडचं. मामांच्या नावे साडेचार एकर, मामींच्या नावे चार. काळी कसदार जमीन. खरिपात कपाशी, तूर, सोयाबीन. रब्बीत विहिरीच्या भरवशावर तीन एकर हरभरा आणि दीड एकर गहू. वीज धुऱ्यापर्यंत, म्हणजे शेताच्या बांधापर्यंत, कधी पोहोचलीच नाही, त्यामुळे विहिरीवर पाच एचपीचं ऑइल इंजिन. हे इंजिन तासाला साधारण लिटरभर डिझेल पितं. २०२२-२३च्या हंगामात कपाशीला दोनदा, हरभऱ्याला दोनदा आणि गव्हाला पाच वेळा पाणी दिलं, तेव्हा कॅलेंडरवर इंजिनाचं डिझेल भरलं १५० लिटर. तेलाच्या बाजारात एक पिंप म्हणजे १५९ लिटर. मामांची विहीर दर हंगामाला जवळपास एक पिंप रिचवत होती.

देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं. म्हणजे त्या वीस लिटरच्या कॅनमधलं सतरा लिटर समुद्र ओलांडून आलेलं. तिथून रिफायनरी, मग टँकर, मग दारव्हा, आणि शेवटचे तीन किलोमीटर पांदणीच्या गाऱ्यातून मामांच्या खांद्यावर. या शेवटच्या तीन किलोमीटरांचा हिशेब कुठल्याच आकडेवारीत नसतो, पण मामांच्या गुडघ्यात तो आहे.

इथे एक गोष्ट आधीच सांगतो, कारण यात माझ्या ओळखीची बरीच शिकलेली माणसं गफलत करतात. प्रत्येक सौरपंप परदेशी तेल वाचवत नाही. ज्याच्या विहिरीवर आधीच वीज आहे त्याने सौर लावलं तर वाचतो तो कोळसा. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर ही औष्णिक केंद्रं विदर्भातलीच, आणि कोळसा तर आमच्याच जिल्ह्यातल्या वणीकडचाही. तो वाचावा, हवा सुधारावी, रात्री पाणी ओलायला जाणाऱ्याचा जीव वाचावा, सगळं कबूल. पण तेल वाचायचं असेल तर जिथे खरोखर डिझेल जळतं तिथेच घाव घालावा लागतो. मामांची विहीर तशी होती. म्हणून हे प्रकरण मोजण्याजोगं.

पहिली रब्बी: पॅनल बसले, इंजिन हललं नाही

पीएम-कुसुम योजनेतून ५ एचपीचा पंप मंजूर झाला. लाभार्थ्याचा वाटा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के. अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाच एकरांपर्यंत ५, त्याच्या वर साडेसात, असा तेव्हाचा हिशेब. मामांचा सातबारा साडेचार एकरांचा, म्हणून पाच. २०२३च्या उन्हाळ्यात पॅनल, कंट्रोलर आणि पाण्यात सोडायची मोटर बसली. नारळ फुटला. पाइपातून पाणी पडलं तेव्हा मामा बराच वेळ नुसते पाहत उभे होते. आवाजच नव्हता. चाळीस वर्षं डुगडुग ऐकलेल्या माणसाला पाणी असं गुपचूप येणं खरं वाटेना.

कपाशीला ऑक्टोबरात सरीने पाणी दिलं, झकास चाललं. मग हरभरा आला. हरभऱ्याला आमच्याकडे तुषारने पाणी देतात. काळ्या जमिनीत मोकळं पाणी सोडलं की ते साचतं आणि पीक वाया जातं. दहा नोझल लावले. एकही धड फिरेना.

मामांचा फोन आला. ‘‘भाऊ, हे फवारे नाही, हे तं लाळ गाळून रायले.’’

रविवारी गेलो. सकाळचे अकरा, ऊन चांगलं, पॅनल स्वच्छ. नोझल मान एकीकडे वळवून ठिबकत होते, आणि त्यांच्या बुडाशी ताटाएवढी डबकी. मी गेज लावून पाहिलं: दाब एक किलोच्या (चौरस सेंटिमीटरला) जरा वर. तुषारच्या नोझलला दोन-अडीच किलो दाब लागतो.

आता गणित. दाब आणि उंची ही एकाच नाण्याची मोड: एक किलो दाब म्हणजे दहा मीटर उंच पाणी ढकलणं. विहिरीत तेव्हा पाणी आठ मीटर खाली. पाइपातल्या घर्षणाचे पाच मीटर धरा. तुषारसाठी पंचवीस मीटर. बेरीज अडतीस. आणि पंप बसवलेला होता तीस मीटर हेडचा, म्हणजे सगळं मिळून तीस मीटर उंचीइतकंच पाणी ढकलणारा. योजनेत तीस, पन्नास, सत्तर, शंभर असे वेगवेगळ्या हेडचे पंप असतात. पाहणीच्या दिवशी माणसाने विहिरीत दोरी सोडून पाण्याची खोली मोजली, ‘‘तीसचा भरपूर झाला’’ म्हणाला आणि फॉर्मवर तसं लिहिलं. पाणी विहिरीच्या काठावर आणायचं असतं तर ते बरोबरच होतं.

त्या दिवशी विहिरीवर मी हजर होतो. हेड हा विषय मी दर सत्रात शिकवतो. पाणी पुढे कशातून जाणार हे विचारायचं मलाही सुचलं नाही. मामांनी कधी तोंडावर बोलून दाखवलं नाही, पण त्या वर्षी हरभऱ्याच्या वावरात मी फार वेळ थांबत नव्हतो.

पंप बदलून मिळावा म्हणून धावाधाव केली. एकदा मंजूर झालेलं बदलत नाही, एवढंच कळलं. पीक थांबणार नव्हतं. इंजिन पुन्हा विहिरीवर बसलं, पॅनलच्या सावलीत. २०२३-२४चं इंजिनाचं डिझेल: ९५ लिटर. गावात येणारा-जाणारा विचारायचा, सोलार बसलं तरी इंजिन कायले चालवता? सरकारी यादीत मात्र ही विहीर सौरऊर्जेवर आलेली होती.

दुसरी रब्बी: पंपाला शोभेल असं पाणी

पंप बदलता येत नव्हता, तेव्हा पाणी द्यायची तऱ्हा बदलली. रेन पाइप एक किलोच्या आतबाहेर चालतो. चपटा लवचीक नळ, वरच्या बाजूला बारीक छिद्रं. पाणी भरलं की फुगतो आणि दोन्ही अंगांना दहा-बारा फूट तुषार उडतो. आठ, पाच आणि दहा, म्हणजे तेवीस मीटर. तीसच्या पोटात बसलं.

बसलं, पण इंजिनासारखं नाही. इंजिन पहाटे सहाला सुरू करा की दुपारी बाराला, दाब तोच. सौरपंपाचा दाब सूर्याबरोबर चढतो, उतरतो. डिसेंबरात साडेदहाच्या आधी आणि साडेतीननंतर पाइप मरगळतो. शेवटच्या वाफ्यांना पाणी पोचतच नाही आणि मधले दोन-दोनदा भिजतात. मामांनी यावर काढलेली युक्ती मला सुचली नसती. सकाळी एकच पाइप लावायचा, अकराला दुसरा जोडायचा, तीनला पुन्हा एक काढायचा. अडीच इंची कॉक ते गॅसच्या बटणासारखा हळूहळू फिरवतात, पाइपाच्या फुगण्याकडे बघत.

तीन एकर हरभरा इंजिनावर तीन-चार दिवसांत ओलला जायचा. आता सहा-सात दिवस लागतात. फुलं लागायच्या बेतात एक पाणी आणि घाटे भरताना दुसरं, हे वेळेवर पडायला हवं असेल तर सुरुवातच चार दिवस आधी करावी लागते. ऊर्जा बदलली की वेळापत्रक बदलतं, हे पॅनलबरोबर कुणी सांगत नाही. उलट बाजूने रात्रीची फेरी गेली, डुकरांची भीती गेली, कॅन वाहणं गेलं. गव्हालाही रेन पाइपच लावला. पीक उंच झाल्यावर तो नीट पसरत नाही, म्हणून शेवटची दोन पाणी सरळ मोकळी दिली.

डिसेंबरच्या शेवटी चार दिवस आभाळ आलं, तेव्हा इंजिन चालवलं. २०२४-२५चं इंजिनाचं डिझेल: १५ लिटर. दीडशेवरून पंधरा. इथपर्यंत लिहून थांबलो असतो तर फार सुरेख यशोगाथा झाली असती.

गोठा

पण कॅलेंडरवर ‘डि’च्या शेजारी मामा ‘ट्रॅ’ही लिहीत होते. ट्रॅक्टर भाड्याचा, डिझेल त्याच्या टाकीतलं, तरी किती लागलं ते मी ट्रॅक्टरवाल्याला दर वेळी विचारून अंदाजाने टिपून ठेवलेलं.

२०२२-२३ मध्ये घरी बैलजोडी होती. ट्रॅक्टर फक्त थोड्या नांगरटीला आणि मळणीला. वखरणी, पेरणी, डवरणी, बंडी, सगळं बैलांवर. ट्रॅक्टरचं डिझेल साधारण ४० लिटर. २०२४च्या एप्रिलात जोडी विकली. एक बैल म्हातारा झाला होता, सालदार मिळेना, चराईला गावात जागा उरली नाही, मामांचं वय त्रेसष्ट. विकू नका म्हणायला मी काही सकाळी उठून शेण काढणार नव्हतो. त्या पोळ्याला मामींनी मातीच्या बैलांची पूजा केली. पुढच्या वर्षात नांगरट, रोटाव्हेटर, पेरणी, सगळं साडेआठ एकरांवर ट्रॅक्टरने. ट्रॅक्टरचं डिझेल: ११० लिटर.

विहिरीवर वाचले १३५, वावरात वाढले ७०. उरले ६५.

आणि अजून स्वयंपाकघर बाकी आहे. घरामागे १९८९ सालचा गोबरगॅस आहे, दीनबंधू पद्धतीचा, विटांचा घुमट जमिनीत, दोन घनमीटरचा. त्याला पूर्ण चालायला रोज पन्नास किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. जोडी, दोन गाई आणि एक वासरू असताना चाळीस-पंचेचाळीस किलो मिळायचं, आणि दोन्ही वेळच्या भाकरी त्यावर व्हायच्या. सिलिंडर वर्षाला चार, पाहुण्यांसाठी आणि थंडीत गॅस कमी पडतो तेव्हासाठी. बैल गेल्यावर शेण निम्म्यावर आलं. चहा होतो, वरण अर्धवट शिजतं. सिलिंडर झाले नऊ.

‘‘बैलं इकले अन् चूल पेटवाले दुबईचा गॅस आनला,’’ मामी म्हणाल्या. भूगोल अगदीच चुकीचा नाही. देशाला लागणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी निम्म्याहून जास्त आयात होतो आणि त्यातला बहुतेक आखातातून.

पाच जादा सिलिंडर म्हणजे ७१ किलो गॅस. एका किलो गॅसची उष्णता सव्वा लिटर डिझेलइतकी धरली तर हे झालं ९० लिटरच्या जवळपास. वाचलेलं ६५, वाढलेलं ९०. आयातीचं प्रमाण डिझेलचं जास्त आणि गॅसचं कमी, ते धरून कुणी बरोबरी दाखवेल. मला ती पटत नाही, कारण देशात बनणारा गॅसही बराचसा रिफायनरीत, बाहेरून आणलेल्या तेलातूनच निघतो. शिवाय शेणखत कमी झालं म्हणून मामांनी युरियाचं एक पोतं वाढवलं. युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो आणि त्या वायूतलाही जवळजवळ निम्मा आयातीचा. ते मी हिशेबात धरलेलंच नाही.

म्हणजे पाच एचपीचं सौर छतासारखं वावरात उभं आहे, उत्तम चालतं आहे, आणि हे घर बाहेरच्या तेलावर तीन वर्षांपूर्वीपेक्षा थोडं जास्तच अवलंबून आहे. सौरपंपाचा यात काही दोष नाही. तो नसता तर आकडा फारच वाईट असता.

जुने धडे, धुऱ्यावर उभे

मामांच्या धुऱ्यावर मोगली एरंडाची रांग आहे. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने जैवइंधनावर अहवाल दिला, त्यात जट्रोफाची, म्हणजे याच मोगली एरंडाची, मोठी लागवड सुचवली होती. पडीक जमीन, कमी पाणी, बियांतून डिझेल. पुढची काही वर्षं गावोगाव रोपं आली. मामांनीही शंभरेक लावली. बिनपाण्याच्या झाडाला बी नावापुरतं आलं, ते घ्यायला कुणी आलं नाही. झाडं तशीच राहिली. जनावर त्याला तोंड लावत नाही, म्हणून कुंपण मात्र पक्कं झालं.

पेट्रोलमध्ये आज २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलं जातं. मामांच्या मुलाच्या मोटारसायकलीत ते जातं. पण देशात पेट्रोलच्या दुपटीहून जास्त डिझेल खपतं, आणि २०१८च्या जैवइंधन धोरणात डिझेलमध्ये २०३०पर्यंत ५ टक्के बायोडिझेलचं लक्ष्य असलं तरी मिसळण अजून नावापुरतीच आहे. शेतकऱ्याचं इंधन डिझेल. २०२१च्या फेब्रुवारीत नितीन गडकरींनी डिझेलचा सीएनजीवर आणलेला ट्रॅक्टर देशासमोर आणला, तेव्हा नागपुरापासून इथपर्यंत चर्चा झाली. आमच्या ट्रॅक्टरवाल्याला विचारलं तर म्हणाला, ‘‘नांगरट सोडून गॅस भराले कुठवर जाऊ?’’

शकुंतला रेल्वे याच दारव्ह्यावरून जायची. १९९४पर्यंत वाफेवर, मग डिझेलवर. कोळशाचं इंजिन गेलं तेव्हा सगळ्यांना प्रगतीच वाटली होती, आणि एका अर्थी ती होतीही. आता तर गाडीच बंद आहे.

सध्या काय चाललंय

बैल परत येणार नाहीत, हे धरूनच पुढचं करावं लागतं. गेल्या पोळ्यापासून मामींनी वाड्यातल्या दोन घरांशी ठरवलंय: शेण द्या, स्लरी (गॅस निघून उरलेलं पातळ शेणखत) न्या. शेजारी म्हशी आहेत, पण गोबरगॅस नाही. शेण उकिरड्यावर सुकत पडायचं, आता ते रोज सकाळी घमेल्याने इकडे येतं आणि आठवड्याला स्लरीच्या बादल्या तिकडे जातात. पहिल्या महिन्यात भांडण झालं. एका घरचं शेण कडब्याने भरलेलं होतं, नळी तुंबली. आता मामी घमेल्यात हात घालून बघतात, मगच ओततात. घुमटाला जुनी चीर होती, ती सिमेंटने बुजवली. चाळीस किलोच्या आसपास भरणा होतो आणि सकाळच्या भाकरी पुन्हा त्यावर होतात. सिलिंडर किती कमी झाले ते वर्ष भरल्याशिवाय लिहीत नाही. थंडी अजून जायची आहे.

ट्रॅक्टरच्या बाबतीत एवढंच जमलं: मामींच्या चार एकरांत यंदा नांगरट केली नाही, वखरावरच भागवलं, तेही भाड्याच्या जोडीने. गावात आता तीन जोड्या उरल्यात. त्यांचा मालक ट्रॅक्टरवाल्यापेक्षा जास्त भाव खातो.

नव्याने सौर घेणारे काही जण आता मामांकडे चौकशीला येतात. मामा त्यांना पॅनल दाखवत नाहीत. आधी विचारतात, ‘‘पानी कायनं देशीन? तुषारनं का पाटानं?’’ तुषार म्हटलं की सांगतात, पन्नासचा हेड मागून घे, अन् कागदावर लिहून घे.

इंजिन विकायचा विषय मी दोनदा काढला. गिऱ्हाईकही आलं होतं. मामांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. दर अमावास्येला ते इंजिनाची पोती काढतात, हँडल मारतात, पंधरा मिनिटं चालवतात, म्हणजे जाम होणार नाही. डुगडुग ऐकून पलीकडच्या वावरातला माणूस मान वर करून बघतो. मग इंजिन झाकून ठेवतात आणि घरी आल्यावर तेवढंही कॅलेंडरवर लिहितात: ‘डि पाव’.